मंडपांच्या सणाचा शेवटचा दिवस, नदीतला बाप्तिस्मा आणि माझे तीन प्रश्न

बावड्याची सिस्टर (२१ सप्टेंबर २०२५)

सलाम. कोल्हापुरातून, कसबा बावड्यातून लिहितेय. चौतीस वर्षं दवाखान्यात नर्स होते, आता घरीच असते. माझं वय ६६, मालकांचं ७१.

आमच्या घरात ख्रिस्ती विश्वास पाच पिढ्यांचा. वायल्डरसाहेब १८५२ साली कोल्हापुरात आले, त्या मिशनच्या मंडळीतलेच आम्ही. सासरे मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचे पंच, होते. माझा, मालकांचा, आमच्या मुलाचा, सगळ्यांचा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला. पाळकांनी कपाळावर पाणी शिंपडलं आणि नाव ठेवलं.

मुलगा आणि सून लग्नानंतर वर्षभरातच एका फेलोशिपमध्ये जायला लागले. तिथं शनिवार पाळतात आणि जुन्या करारातले सण करतात. त्यामुळं दोन्ही नातवंडांचा बाप्तिस्मा लहानपणी झालाच नाही. तेव्हा मी पुष्कळ रडले होते. पण मंडपांचा सण आमच्या गच्चीवर यायला लागला आणि तो मला मनापासून आवडला. भाच्याच्या शेतातून उसाची मोळी येते, झावळ्या येतात, मुलगा नि नातू सुतळीनं मांडव बांधतात. आठवडाभर जेवणखाण तिथंच. सण पुनवेला बसतो, म्हणजे यंदा ६ ऑक्टोबरच्या संध्याकाळी, आणि त्याच रात्री कोजागरी. शेजारपाजारचे सगळे मसाला दूध प्यायला आमच्याच मांडवात येणार.

यंदा सणाच्या शेवटी फेलोशिपचे पास्टर नदीवर बाप्तिस्मा देणार आहेत. नातू १६ वर्षांचा, नात १४ वर्षांची. दोघांनी स्वतःहून मागितलंय. त्याचा मला आनंदच आहे. पण मुलाचं म्हणणं, "पप्पांनीपण उतरावं, त्यांचा खरा बाप्तिस्मा झालेलाच नाही." आणि मालक तयार झालेत. नातवंडांबरोबर पाण्यात उतरायचं म्हणून जास्त, असं मला वाटतं.

माझे प्रश्न असे.

सणाचा शेवटचा दिवस नक्की कुठला? मुलगा सोमवार १३ तारीख म्हणतो, सून मंगळवार १४ म्हणते. नातवंडांची सहामाही परीक्षा आहे, त्यामुळं आधी ठरवायला हवं.

नदीवर कुठं जावं? पास्टर पंचगंगा घाट म्हणतात. मी नर्स आहे, त्या पाण्यात लेकरांना उतरवायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. मालकांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीय.

आणि तिसरा प्रश्न, जो मी मुलापुढं नीट मांडू शकत नाही. सासूबाई नेहमी सांगायच्या. मालक महिन्याचे होते, जुलै महिना होता. त्या रविवारी वाटेतल्या ओढ्याला पाणी आलं होतं. सासूबाईंनी बाळाला घोंगडीच्या खोळीत घेतलं आणि पाण्यापर्यंत आल्यावर सासऱ्यांनी बाळ डोक्यावर धरून ओढा ओलांडला. देवळात पोचले तेव्हा दोघं छातीपर्यंत भिजलेले आणि बाळ कोरडं. मग पाळकांनी त्या कोरड्या बाळाच्या कपाळावर तीन वेळा पाणी घातलं. आता मालक परत बुडून वर आले, तर त्या दिवसाचं काय झालं म्हणायचं? सासूबाई जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांना मी काय सांगू?

नारळाची झावळी

सिस्टरताई, शालोम. मी ठाण्याची, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली यहुदी. आमचं मूळ गाव अलिबागकडं. पणजोबांचा तेलाचा घाणा होता, शनिवारी बंद असायचा, म्हणून गावात आम्हाला शनवार तेली म्हणत.

तारखेचं सांगते. तुमचा मुलगा आणि सून दोघंही बरोबर आहेत. मंडपाचे दिवस सात. ते ६ ऑक्टोबरच्या संध्याकाळी सुरू होतात आणि सातवा दिवस सोमवार, १३ तारीख. त्याला होशाना रब्बा म्हणतात. मंगळवारी १४ ला आठवा दिवस, शमिनी अझेरेथ. तो सणाला जोडून येतो, पण स्वतंत्र सण आहे. त्या दिवशी काम बंद. भारतात बुधवारी १५ ला सिम्हाथ तोरा, तेव्हा तोराचं, म्हणजे आमच्या धर्मशास्त्राचं, वाचन संपवून लगेच पहिल्या पानापासून सुरू करतात. सगळ्यात आनंदाचा दिवस तो.

मांडवाचं छप्पर झाडापासून तोडलेल्या फांद्यापानांचंच हवं. त्यावर ताडपत्री टाकू नका. आत उन्हापेक्षा सावली जास्त पडावी, पण रात्री फटीतून तारे दिसावेत, इतकी विरळ. झाडाखाली किंवा स्लॅबखाली बांधलेला मांडव चालत नाही. तुमची गच्ची उत्तम. आमच्याकडं झावळ्या, तुमच्याकडं ऊस. वाचून मला फार बरं वाटलं.

चार वनस्पती हातात धरतात. खजुरीचा न उमललेला कोंब, मेंदीसारख्या पानांच्या हदासच्या फांद्या, वाळुंज आणि एथ्रोग हे फळ. आपल्याकडचं महाळुंग त्याच जातीचं. सातव्या दिवशी सात फेऱ्या घालतात आणि वाळुंजाच्या डहाळ्या जमिनीवर आपटतात.

पाण्याचा संबंध या सणाशी जुनाच. यरुशलेममध्ये मंदिर होतं तेव्हा सणाच्या दिवसांत रोज पहाटे शिलोहाच्या तळ्यातून सोन्याच्या सुरईत पाणी आणून वेदीवर ओतत. ज्यानं तो आनंद पाहिला नाही त्यानं आयुष्यात आनंदच पाहिला नाही, असं मिश्ना या आमच्या जुन्या ग्रंथात म्हटलंय. आठव्या दिवशी आम्ही पावसासाठी प्रार्थना करतो, कारण तिकडं पाऊस त्यानंतर सुरू होतो. आपल्याकडं तेव्हा परतीचा पाऊसही आवरत आलेला असतो. तरी मी दरवर्षी ती प्रार्थना तितक्याच मनापासून म्हणते.

एक गोष्ट मोकळेपणानं सांगते, राग मानू नका. नदीतला बाप्तिस्मा हा आमच्या सणाचा भाग नाही. आमच्यात शुद्धीसाठी मिकव्यात, म्हणजे स्नानाच्या कुंडात, बुडी घेतात, पण ती वेगळी, आणि परत परत घेता येते. तुमच्या घरात हे दोन्ही एकत्र आलं तर तो तुमचा विश्वास, मला त्याचा आदर आहे. नातवंडांना मात्र सांगून ठेवा की यातलं कुठलं यहुदी लोकांचं आणि कुठलं आपलं. आमची माणसं आता इथं थोडीच उरलीत. आमचे सण आमच्या नावानं ओळखले जावेत, इतकंच वाटतं.

डब्याविना पोहणारा

काकू, घाटाचा नाद सोडा.

मी लहानपणी पाठीला डबा बांधून त्याच घाटावर पोहायला शिकलो, त्यामुळं मला हे लिहिताना वाईट वाटतंय. पण गावाचं सांडपाणी येतंय, आणि ऑक्टोबरात पायऱ्यांवर गाळ असतो. पाय सरकला की माणूस थेट खोलात. राजाराम बंधारा तुमच्या घराजवळ असला तरी तिथं अजिबात नको. बंधाऱ्याच्या खालच्या बाजूला भोवरा असतो, वरनं दिसत नाही. प्रयाग चिखलीचा संगम सुंदर आहे, पण तिथं लोक त्यांच्या स्नानाला येतात. त्यांच्या जागी आपला कार्यक्रम नको. शिंगणापूरला शहराचं पाणी उचलतात, तिथंही नको.

वर जा. भोगावती नदीला, हळदी गावाच्या आसपास, बंधाऱ्यापासून लांब. तुमच्या भाच्याचं शेत नदीला लागून असेल तर त्याच्याच बांधावरनं उतरा. उतार हळूहळू असलेला, तळाला वाळू-गोटे असलेला काठ बघा. काळा गाळ असेल तर नको. आदल्या दिवशी बांबूनं खोली मोजा. कमरेच्या वर जायचं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. भोगावतीवरच्या राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरलेलं असलं आणि वर पाऊस झाला, की आपोआप उघडतात. एका दरवाजातनं सेकंदाला १४२८ घनफूट पाणी येतं. तुमच्याकडं कडक ऊन असेल आणि नदी चढत असेल. म्हणून आदल्या रात्री आणि सकाळी निघताना, दोन्ही वेळेला दरवाजांची बातमी बघायचीच. एक जरी उघडा असला तरी कार्यक्रम रद्द. पास्टर काय म्हणतात ते नंतर.

गावच्या पोलीसपाटलांना आधी सांगून ठेवा. गाडीभर अनोळखी माणसं नदीत उतरली की लोक विचारणारच. आधी सांगितलं की चहा पाजतील.

परसातलं महाळुंग

सिस्टर, मी मंगळवार पेठेतली. महाळुंग विकत शोधू नका. आजऱ्याला माझ्या माहेरी परसात झाड आहे, दादा एसटीनं पाठवेल. आपल्या अंबाबाईच्या खालच्या उजव्या हातात महाळुंगच आहे, तुम्हाला ठाऊक असेल. झावळीताईंचं वाचलं आणि अंगावर काटा आला. तुमच्या मांडवात आमच्या झाडाचं फळ असावं असं मला फार वाटतं. पैसे नकोत.

मिरजेचा जुना पाळक

भगिनी, सलाम. मी एकेचाळीस वर्षं पाळकपण केलं. लहान बाळांना पाणी शिंपडून, मोठ्यांना कधी ओतून, एकदा कृष्णेत बुडवूनही बाप्तिस्मा दिला आहे.

पाणी किती, यावरून बाप्तिस्मा खरा-खोटा ठरत नाही. आरंभीच्या मंडळीची शिकवण लिहिलेली एक अगदी जुनी पुस्तिका आहे. तिच्यात सांगितलं आहे की वाहत्या पाण्यात द्या, ते नसेल तर दुसऱ्या पाण्यात, आणि तेवढंही पाणी नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. म्हणजे नदीची ओढ जुनी आहे, तुमच्या मुलाच्या मनात ती असेल तर त्यात गैर काही नाही. पण ओतलेला बाप्तिस्माही त्याच पानावर आहे.

इफिसकरांस पत्रात एकच प्रभू, एकच विश्वास, एकच बाप्तिस्मा म्हटलं आहे. आमच्या परंपरेत म्हणूनच तो पुन्हा देत नाहीत. पहिला अपुरा होता असं म्हणणं म्हणजे देवानं त्या दिवशी दिलेलं वचन अपुरं होतं असं म्हणणं. तुमच्या मुलाच्या फेलोशिपला हे पटणार नाही. त्यांच्या मते विश्वास आधी, पाणी मग. यावर चारशे-पाचशे वर्षं वाद चालू आहे, तो तुमच्या गच्चीवर मिटणार नाही. मिटवायचा प्रयत्नही करू नका.

मालकांना मात्र एकट्यानं विचारा. मुलासमोर नको. "तुम्हाला काय हवंय?" एवढंच. नातवंडांसोबत पाण्यात उभं राहायचं असेल, तर त्यासाठी दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घ्यावा लागत नाही.

आणि योहानाच्या सातव्या अध्यायात हाच सण आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. सणाच्या शेवटच्या मोठ्या दिवशी येशूनं उभं राहून तान्हेल्यांना हाक मारली. वर ठाण्याच्या भगिनींनी वेदीवर ओतायच्या पाण्याचं सांगितलं, ते डोळ्यासमोर ठेवून तो अध्याय मांडवात मोठ्यानं वाचा.

बावड्याची सिस्टर (१६ ऑक्टोबर २०२५)

सगळ्यांना सलाम. उशीर झाला, पण काय झालं ते लिहायलाच हवं. तुम्ही सगळ्यांनी घरच्यासारखं लिहिलंत.

महाळुंग एसटीनं आलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, पानासकट. आठवडाभर मांडवात तांब्याच्या ताटलीत होतं, मांडवात पाय ठेवला की वास यायचा. कोजागरीला शेजारच्या वहिनींनी दूध आटवलं आणि फळ हातात घेऊन अंबाबाईचं सांगितलं. मग नातीनं झावळीताईंचा सगळा मजकूर वाचून दाखवला, "आमचे सण आमच्या नावानं" हे वाक्यसुद्धा. सून म्हणाली, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. मुलगा काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी त्यानं मांडवावरची ताडपत्री काढली.

मालकांना मी एकट्यानं विचारलं. रात्री गोळ्या देताना. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आईनं मला कोरडं नेलं होतं गं." एवढंच. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाळकसाहेबांचं उत्तर मांडवात स्वतः वाचलं, दोनदा, आणि मुलाला म्हणाले, "मी पाण्यात येतो. पण पोराला धरायला येतो. माझा झालाय." मुलगा ताट तसंच ठेवून खाली गेला. त्या रात्री जेवला नाही. त्याला वाईट वाटलं, अजूनही वाटतंय. तो बापावर प्रेम करतो म्हणूनच हट्ट धरत होता, हे मला कळतं. पण मी मालकांना अडवलं नाही आणि मुलाची समजूतही घातली नाही. दोघं आपापल्या जागी खरे आहेत, मी मध्ये काय बोलू?

सोमवारी, १३ तारखेला सकाळी सातला भाच्याच्या शेतावर. पेपर दुपारी होता. भाच्यानं आदल्या दिवशी बांबू घालून खोली मोजली होती. दरवाजांची बातमी रात्री आणि पहाटे पाचला बघितली, सगळे बंद. करंजाच्या झाडाला दोर बांधला, टायरची ट्यूब ठेवली, भाच्याचे दोन मित्र पोहणारे पाण्यात उभे. पोलीसपाटील स्वतः आले आणि खरंच घरून चहाची किटली घेऊन आले. बायकांना कपडे बदलायला मी उसाला जुनं लुगडं बांधून आडोसा केला होता.

पाण्यात उतरण्याआधी मी सगळ्यांचे पाय तपासले. उंदरांच्या लघवीतून पाण्यात लेप्टोचे जंतू येतात आणि जखमेतून ते आत शिरतात. पावसाळ्यात ती माणसं मी वॉर्डात पिवळी पडलेली पाहिलीत. नातीच्या टाचेला नव्या शाळेच्या बुटांचा फोड, फुटलेला, ओला. तिनं तो मला दाखवलाच नव्हता. मोजा काढायला लावला तेव्हा कळलं.

मी नाही म्हटलं.

पास्टर म्हणाले, विश्वासानं उतरू दे. मुलगा म्हणाला, प्लास्टिकची पिशवी बांधू. मी म्हटलं, डोक्यापासून पायापर्यंत बुडवणार आणि टाच तेवढी कोरडी राहणार आहे का? पाळकसाहेबांनी लिहिलेलं डोक्यावर ओतायचं मी सुचवलं, घरून उकळून आणलेलं पाणी कळशीत होतंच. पास्टरांना ते मान्य नव्हतं. त्यांच्या फेलोशिपमध्ये तसं करत नाहीत, आणि ते त्यांनी माझ्याशी शांतपणे, मान देऊन सांगितलं, हेही लिहिते. शेवटी नातीलाच विचारलं. ती रडत होती. म्हणाली, "मला दादासारखंच हवंय. मी थांबते." मग काठावर माझ्या शेजारी बसली आणि माझा हात धरला नाही. तिच्या आयुष्यातला एवढा दिवस मी अडवला. चौतीस वर्षांच्या नोकरीत कुणाला थांबवताना मला इतकं जड गेलं नव्हतं. पण परत तीच वेळ आली तरी मी हेच करीन.

नातू आत गेला. पाणी त्याच्या कमरेपर्यंत, गार, पण बऱ्यापैकी नितळ. एका बाजूला पास्टर, दुसऱ्या बाजूला मालक. मालकांनी पोराच्या पाठीखाली हात घातला. पोरगा मागं गेला, क्षणभर पाण्यावर फक्त मालकांचा दंड दिसत होता, आणि मग तो वर आला, केसांतून पाणी गळतंय, डोळे मिटलेले. पहिल्यांदा आजोबांच्या गळ्यात पडला. मुलगा काठावर उभा होता, त्यानं चष्मा काढून डोळे पुसले. सुनेच्या भावाचाही झाला. तिथंच आम्ही "येशूनं उभं राहून" ते वाचलं. मालक ओल्या कपड्यांत होते, मी पाच मिनिटांत त्यांना कोरडं केलं, बीपी घेतलं, ठीक होतं.

दुपारी पेपर, संध्याकाळी मांडवात शेवटचं जेवण. पांढरा रस्सा केला. नारळाच्या दुधाचा, म्हणजे मटणाबरोबर दूधदही मिसळत नाही, मुलाचं तेवढं मी पाळते. मुलगा आला, जेवला, दुसऱ्यांदा रस्सा मागून घेतला. मालकांशी दोन शब्द बोलला, परीक्षेबद्दल. जास्त नाही.

काल मांडव सोडला. वाडं शेजारच्या म्हशीला घातलं. महाळुंगाचं लोणचं नको म्हणाली नात. तिनं ते स्वतःच्या टेबलावर ठेवलंय, वाळेपर्यंत ठेवणार म्हणते. टाच भरत आलीय.

तिच्यासाठीच विचारते, झावळीताई, पुढच्या वर्षी सण कधी आहे?

नारळाची झावळी

सिस्टरताई, तीनदा वाचलं. ताडपत्रीचं वाचून आईला फोन करून सांगितलं.

२०२६ ला सण लवकर आहे. २५ सप्टेंबरच्या संध्याकाळी बसतो, शुक्रवारी. सातवा दिवस २ ऑक्टोबर, आठवा ३ ऑक्टोबर. तुमच्या सणाच्या शेवटाला सातवा धरलात, तर २ तारीख. आणि नातीला सांगा, महाळुंग वाळलं की त्यात लवंगा टोचून ठेवायची आमच्यातल्या काही घरांत पद्धत आहे. वास टिकतो.

डब्याविना पोहणारा

काकू, २५ सप्टेंबर म्हणजे अनंत चतुर्दशी. त्या दिवशी गावात हलायला जागा नसणार, ऊस आणि झावळ्या चार दिवस आधीच आणून ठेवा. सप्टेंबरअखेर नदीला पाणी यंदापेक्षा जास्त असू शकतं, म्हणून जागा आधी ठरवून ठेवू, पण शब्द आदल्या रात्रीच द्यायचा.

पोरीचं वाईट वाटलं. तुम्ही केलं ते बरोबरच. २ ऑक्टोबरला गांधी जयंतीची सुट्टी आहे, पेपर नाही. दोर घेऊन मी येतो. खोली मीच मोजीन.

बावड्याची सिस्टर

या. नातीला तुमचं वाचून दाखवलं. ती विचारतेय, पोहायला शिकायला डबा कुठं मिळतो.